आकडा सांभाळणारी लेक

लावणीने पाठ मोडली असेल, तरी चार मिनिटं आमच्याजवळ बसा.

पेण-रोहा भागात गटांचं काम करताना आम्हाला एका काकूंची लेक भेटली. ती नवी मुंबईच्या एका कंपनीत डेटाबेस ॲडमिनिस्ट्रेटर आहे. काकूंना विचारलं तर म्हणायच्या, "कॉम्प्युटरवर कायतरी करते." आम्हालाही तेवढंच ठाऊक होतं.

डेटाबेस म्हणजे नीट लावलेल्या वह्यांचं कपाट, फक्त ते कॉम्प्युटरमध्ये असतं. बँकेतलं आपलं खातं, रेशनकार्डावरची नावं, रेल्वेचं आरक्षण, सगळं अशाच कपाटांत असतं. ते सांभाळणं हे तिचं काम. कुणी फक्त वाचायचं आणि कुणी लिहायचं, त्याची परवानगी ती देते. रोज सगळ्याची प्रत निघते आणि दुसऱ्या जागी ठेवली जाते. ती प्रत खरंच उघडते का, हेही ती अधूनमधून तपासते. रात्री दोनला फोन आला तरी उठावं लागतं. काम सुरळीत असलं की तिची कुणाला आठवण नाही, अडलं की सगळे तिलाच विचारणार. आपल्या घरकामासारखंच आहे ते!

आता आमची चूक सांगतो. आमच्या ग्रामसंघात एकाच नावाच्या, एकाच आडनावाच्या दोन वहिनी आहेत. एकीने पोह्याच्या पापडासाठी कर्ज घेतलं होतं आणि हप्ता कधी चुकवला नव्हता. वह्यांवरून कॉम्प्युटरमध्ये आकडे भरताना आम्ही तिचे तीन हप्ते दुसरीच्या नावावर टाकले. पुढच्या कर्जाची वेळ आली, तेव्हा ती थकबाकीदार दिसली. बायका कुजबुजायला लागल्या. वहिनींनी बैठकीला येणंच सोडलं.

रविवारी आम्ही काकूंच्या लेकीला बोलावलं आणि म्हटलं, "बाळा, तेवढा आकडा बदलून टाक."

ती म्हणाली, "नाही ताई. आज मी गुपचूप बरोबर करीन, उद्या कुणी गुपचूप चुकीचं करील."

मग वहिनींचं पासबुक, गटाची वही आणि पावत्या समोर ठेवल्या. सगळ्या सदस्यांसमोर वाचन झालं, ठराव लिहिला, मगच दुरुस्ती केली. जुनी नोंद पुसली नाही. खाली तारीख घालून, का बदललं आणि कुणी बदललं ते लिहिलं. आम्ही भर बैठकीत वहिनींची माफी मागितली. त्यांचं कर्ज मंजूर झालं. पण ते तीन महिने त्यांनी मान खाली घालून काढले, ते आम्हाला परत देता येणार नाहीत.

चुकीच्या नोंदीची किंमत पेणकरांना नव्याने सांगायला नको. २०१० साली पेण अर्बन बँकेत बोगस कर्जखात्यांचं प्रकरण बाहेर आलं आणि हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले. आपल्या पंचसूत्रीत बैठक, बचत, अंतर्गत कर्ज आणि परतफेडीच्या जोडीला नियमित हिशोब का ठेवलाय, ते यावरून कळतं.

ती लेक आता महिन्यातून एक रविवार आमच्या लेखापाल ताईंना शिकवते. तिने लावून दिलेल्या सवयी तुम्हीही लावून घ्या. प्रत्येक सदस्याला एक क्रमांक द्या, नुसत्या नावावर जाऊ नका. पैसे घेतले की तिथेच नोंद करा आणि मोठ्याने वाचा. लिहिणारी एक असू दे, तपासणारी दुसरी. पानांचे फोटो काढून दोघींच्या फोनमध्ये ठेवा. कुंडलिका किंवा अंबा घरात शिरली, तर वही भिजते. आणि चूक सापडली तर खोडू नका, खाली दुरुस्ती लिहा.

येत्या बैठकीत आपलं पासबुक गटाच्या वहीशी ताडून बघा. मीही बघते आणि तूही बघ, म्हणजे कुठल्याच वहिनीला मान खाली घालावी लागणार नाही.