हजार विड्यांची मजुरी आणि रुपयाचा भाव

अर्थशास्त्र शिकवणाऱ्यांनी गोंदियात चलनावर बोलावं, याला एक जुनं निमित्त आहे. १९५४ साली डॉ. आंबेडकर भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होता; तो वेगळा झाला १९९९ मध्ये. त्या पराभवाची चर्चा पुष्कळ होते. पण त्याच उमेदवाराने १९२३ साली लंडनमध्ये रुपयाच्या प्रश्नावर प्रसिद्ध केलेला ग्रंथ आपल्या राईस मिलच्या आणि विडीच्या हिशेबाला लावून पाहण्याचं काम मागे राहिलं आहे.

१८९३ मध्ये सरकारने चांदीच्या मुक्त नाणेपाडणीला टांकसाळी बंद केल्या आणि पुढे रुपया १ शिलिंग ४ पेन्सला बांधला. हाती सोन्याचं नाणं नाही, भाव मात्र लंडनमधल्या साठ्याच्या जोरावर टिकवायचा, ही रचना ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी १९१३ च्या आपल्या पुस्तकात उचलून धरली. आंबेडकरांनी विचारलं, रुपये किती काढायचे हे ठरवणार कोण? सरकारची मर्जी हेच उत्तर असेल, तर रुपये वाढणार, किमती चढणार आणि मजुरी त्यांच्यामागून रखडत चालणार. रुपया उतरल्यावर निर्यातदाराला होणारा लाभ देशाचा नसतो. तो एका वर्गाकडून दुसऱ्याकडे गेलेला असतो.

हेच आज आपल्याकडे लावून पाहू. डॉलर महागला की परदेशी जाणाऱ्या तांदळाचे जास्त रुपये हाती येतात. (तेही सरकारने जाऊ दिला तर. जुलै २०२३ पासून सप्टेंबर २०२४ पर्यंत बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाला निर्यातबंदीच होती.) पण त्याच डॉलरने डिझेल आणि खाद्यतेलही महागतं. विडीची मजुरी हजारामागे ठरते, तेंदूपत्त्याची पुडक्यांच्या शेकड्यामागे; ते दर बदलायला वाटाघाटी लागतात, सरकारी अधिसूचना लागते. डॉलर मात्र रोज हलतो. या दोन वेगांमधल्या फटीतूनच तो लाभ निघतो. निर्यात वाढली की गिरण्या चालतात, हमालाला काम मिळतं, असं कोणी म्हणेल. गिरणी बंद पडली असेल तर ते खरंच आहे. पण मजुरीने महागाई गाठली की निर्यातदाराची ती सवलत संपते. म्हणजे ती टिकावी असं म्हणणाऱ्याला मजुरी मागे राहायला हवी असते. हे कोणी उघड बोलत नाही, इतकंच.

मग चलन पुन्हा सोन्याला बांधायचं का? नाही. महामंदीत सोन्याला चिकटून राहिलेले देश अधिक पोळले. १९३१ मध्ये ब्रिटनने ते सोडलं, १९७१ मध्ये अमेरिकेने उरलेला धागाही तोडला. आंबेडकरांनाही सोनं सोन्यासाठी नको होतं. त्यांना राज्यकर्त्याच्या हाताला लगाम हवा होता. आज तो लगाम म्हणजे २०१६ पासून रिझर्व्ह बँकेवर असलेलं ४ टक्के महागाईचं, दोन टक्के वरखालीची मुभा देणारं उद्दिष्ट. पण ते देशाच्या सरासरीचं. विडी वळणारीच्या घरखर्चाचं नव्हे.

म्हणून तेंदूच्या हंगामातले पैसे एखाद्या बाईने सोन्याच्या डागात घातले की आपण त्याला अनुत्पादक गुंतवणूक म्हणतो. रिझर्व्ह बँकेने १९९१ च्या परकीय चलनाच्या टंचाईत सुमारे ४७ टन सोनं परदेशी गहाण ठेवलं आणि २००९ मध्ये नाणेनिधीकडून २०० टन विकत घेतलं. २०२२ मध्ये रशियाची परदेशातली गंगाजळी गोठवली गेल्यावर जगभरच्या मध्यवर्ती बँकांची सोनेखरेदी वर्षाला हजार टनांवर गेली. त्यांना आपण दूरदर्शी म्हणतो आणि बाईला अडाणी. सोन्याला व्याज नाही, हा आक्षेप दोघांनाही सारखाच लागू आहे. मजुरी डॉलरच्या किती मागे राहते हे दिसावं म्हणून माझी सूचना एवढीच: १९९१ पासूनचा हजार विड्यांचा दर आणि डॉलरचा भाव एकाच तक्त्यावर मांडण्याचं काम जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी या वर्षी हाती घ्यावं.