अर्ध्या गुणाचा डाव



बुद्धिबळ स्पर्धेच्या निकालपत्रावर कुणापुढे बरोबरीचा अर्धा गुण दिसला की आपली नजर तिथे थांबत नाही. मला आज त्या अर्ध्या गुणाविषयीच बोलायचं आहे.

सोलापुरातल्या एका उन्हाळी स्पर्धेत शेवटच्या पटावरचा डाव मी पाहत होतो. पांढरी मोहरी बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांकडे, काळी दहावीतल्या मुलाकडे. मुलाचा घोडा फुकट गेला. पण पोरगं डगमगलं नाही. त्यानं एकच धोरण धरलं: प्याद्याला प्यादं मारून पट मोकळा करायचा. शेवटी हत्तीही मारामारीत गेले. काकांकडे राजा, उंट आणि राजाच्या बाजूचं अगदी कडेचं प्यादं उरलं. मुलाकडे नुसता राजा.

बघणारे उठायला लागले. मुलानं मात्र राजा थेट त्या प्याद्यापुढच्या कोपऱ्यात नेऊन बसवला. प्याद्याचा वजीर होणार ते कोपऱ्याचं घर काळं, आणि काकांचा उंट पांढऱ्या घरांतला. त्या घरावर उंटाचा जोर पोचणार कसा? राजा तिथून हुसकता येईना. फार रेटलं तर शह नसताना त्याची चालच बंद, म्हणजे नियमानं बरोबरी. हेच प्यादं वजिराच्या बाजूच्या कडेला असतं तर काका जिंकले असते, कारण तिकडचा कोपरा पांढरा.

दहा-बारा चालींत हात मिळवून चहाला जाणाऱ्यांची बरोबरी मला पटत नाही. ही बरोबरी मुलानं कमावलेली होती. मोठ्या पटावरही असंच असतं. जुलै २०२५ मध्ये बातुमीला महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात नागपूरची दिव्या देशमुख आणि कोनेरू हम्पी यांचे दोन्ही क्लासिकल डाव बरोबरीत सुटले, टायब्रेकमधला पहिला जलद डावही. ते तीन डाव दिव्यानं राखले, म्हणून चौथा जिंकून १९ वर्षांची ही मुलगी विजेती आणि ग्रँडमास्टर झाली. घरी आलेल्या मुलाला ‘जिंकलास का?’ एवढंच विचारणाऱ्या पालकांनी त्याला डाव मांडून दाखवायला सांगावं, असं मला मनापासून वाटतं.

त्या दिवशी हात मिळवल्यावर काका म्हणाले, “थांब की रे, हत्ती मारायच्या आधीचं लाव.” मुलानं पट पुन्हा मांडला. कुठलं प्यादं राखायला हवं होतं, यावर दोघांचं काही केल्या एकमत होईना.