बिनपगारी पलटण

बेंगळुरूहून बोलतोय. आज एक कबुली द्यायची आहे.

एप्रिल २०२०. टाळेबंदी सुरू होती. आमच्या सोसायटीच्या फाटकाशी गुलाबी साडीतली एक आशाताई वही घेऊन उभी होती. कुणाला ताप-खोकला आहे का, बाहेरगावाहून कोण आलंय, एवढंच तिला विचारायचं होतं. सोसायटीचा सचिव मीच. मी रखवालदाराला म्हटलं, "आत सोडू नकोस. घरोघर फिरते, तीच आजार आणेल." तिनं उन्हात उभं राहून, फोनवरून एकेका घराची नोंद केली. तोंडाला साधा कापडी मास्क. तेवढंच चिलखत.

त्याच महिन्यात याच शहरात, हेगडेनगर भागात, सर्वेक्षणाला गेलेल्या आशाताईंना जमावानं घेरलं. बातमी वाचून मी संतापलो. फाटक बंद करणारा मी फार वेगळा नव्हतो, हे मात्र तेव्हा सुचलं नाही.

२२ एप्रिलला वटहुकूम निघाला. आरोग्यसेवकांवर हल्ला केल्यास तीन महिने ते पाच वर्षं कैद. ५० लाखांचा विमाही जाहीर झाला होता. ३ मे रोजी फौजेनं रुग्णालयांवर फुलं उधळली, तेव्हा माझी छाती फुगली. पण जुलैत कर्नाटकातल्या आशा संपावर गेल्या. मागणी काय? महिना १२,००० रुपये निश्चित मानधन आणि संरक्षक साहित्य. पुढच्या जूनमध्ये महाराष्ट्रातल्या आशांनीही संप केला.

फौजेत जवानाला हत्याराविना चौकीवर पाठवलं, तर अधिकाऱ्याला जाब द्यावा लागतो. जवान कामी आला तर घरच्यांना पेन्शन मिळते. आशा मात्र २००५ पासून 'स्वयंसेविका'. कामगार म्हटलं की किमान वेतन आलं, भविष्य निर्वाह निधी आला. तशी शिफारस २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेनं केली होती. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आशांचा गौरव केला. तरी जानेवारी २०२५ मध्ये त्या इथल्या फ्रीडम पार्कात मानधनासाठी बसल्याच होत्या.

परवा तीच ताई पोलिओच्या कामासाठी आली. मी स्वतः फाटक उघडलं, खुर्ची पुढे केली, माफी मागितली. ती हसली. "खुर्ची राहू द्या सर. अजून चाळीस घरं व्हायची आहेत."

तुमच्या दारी आशाताई आली, तर पाणी विचाराच. पण मानधन वेळेवर मिळतं का, हेही विचारा. आणि मत मागायला येणाऱ्यालाही तेच विचारा.

जय हिंद.