वाळूऐवजी भट्टीची मळी



आपल्या गावाच्या नावातच कुंभार आहे. मातीत राख आणि लीद कालवून विटा-मडकी घडवणारा हा कारागीर. टाकाऊ वस्तू कामी कशी लावावी, हे त्याला ठाऊक होतं. आज तीच गोष्ट काँक्रीटबद्दल सांगणार आहे.

गोदावरी आपल्या तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून वाहते. तिची वाळू हा नुसता बांधकामाचा माल नाही. पुराचं पाणी त्या थरात मुरतं आणि काठच्या विहिरींना पुरतं. वाळू गेली की विहिरीही खोल जातात. नदीने वर्षानुवर्षं आणून टाकलेली वाळू हायवा एका रात्रीत उचलून नेतो.

दुसरीकडे, जालन्याच्या पोलाद कारखान्यांत भंगार वितळवून सळई बनते. वितळलेल्या लोखंडावर जी मळी तरंगते, तिला स्लॅग म्हणतात. ती थंड करून फोडली, चुंबकाने त्यातलं लोखंड काढलं आणि चाळली, की वाळूसारखे दाणे मिळतात.

हे मनाने करायचं काम नाही. भारतीय मानक आयएस ३८३ मध्ये २०१६ साली अशा पदार्थांना जागा मिळाली. पोलादाची स्लॅग साध्या, म्हणजे बिनसळईच्या काँक्रीटमध्ये वाळूच्या २५ टक्क्यांपर्यंत चालते. एम-१५ पेक्षा कमी ताकदीच्या काँक्रीटमध्ये १०० टक्के चालते. सळईच्या काँक्रीटमध्ये मात्र अजिबात नाही.

कारण काय? काही स्लॅगमध्ये मोकळा चुना राहतो. पाणी लागलं की तो फुगतो आणि काँक्रीटला तडे जातात. शिवाय प्रत्येक भट्टीची मळी वेगळी. म्हणून दर खेपेची प्रयोगशाळेत तपासणी हवीच. दाणे टोकदार असल्याने पाण्याचं प्रमाणही नव्याने ठरवावं लागतं.

म्हणजे स्लॅब, कॉलम, बीम यांना हात लावू नका. पण पायाखालचं पीसीसी आणि अंगणातला कोबा यांत नदीची वाळू नक्की वाचेल.

आपल्यातले काही जण आज ठेकेदार आहेत, काही ग्रामपंचायतीत आहेत. पुढच्या कामाच्या अंदाजपत्रकात हा पर्याय निदान मांडून पाहा. सरांनी प्रयोगवहीत आधी निरीक्षण आणि मग निष्कर्ष लिहायला लावलं होतं. स्लॅगच्या बाबतीतही तोच क्रम पाळू या. आधी तपासणीचा अहवाल, मग माल.

गोदावरीने आपल्या कित्येक पिढ्यांची घरं उभी केली. आता तिची वाळू तिच्याकडे राहू द्यायची पाळी आपली आहे.