ऐकणारे किती, हे मोजायचे कसे?
(इंदूर येथे मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत केलेले भाषण)



मंडळातल्या ज्येष्ठांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून त्याचा पॉडकास्ट चालवायचा, ही कल्पना सगळ्यांना आवडली. खर्चाचा विषय निघाला तेव्हा मात्र एका व्यापारी सभासदांनी सरळ विचारले, "जाहिरात देतो, पण ऐकणारे किती ते सांगा." प्रश्न रास्त आहे. पैसे देणाऱ्याने हिशेब मागायलाच हवा. म्हणून हा आकडा येतो कुठून, ते आज आम्ही सांगणार आहोत.

पॉडकास्ट म्हणजे आपल्या सोयीने, हवे तेव्हा ऐकायचा रेडिओ. मुद्रित केलेला भाग एका सर्व्हरवर ठेवलेला असतो. ऐकणाऱ्याच्या फोनमधले ॲप तो तिथून उतरवून घेते. सर्व्हरला कळते ते एवढेच, की फाइल गेली. पुढे ती कोणी ऐकली, अर्धी सोडली की ऐकलीच नाही, हे त्याला कळत नाही.

आम्ही पाणीपुरवठ्यात नोकरी करणारी माणसे. टाकीतून पाणी किती सोडले हे टाकीवरचा मीटर सांगतो. ते कोणाच्या नळाला पोहोचले, कोणी प्यायले आणि किती गळतीत गेले, हे त्या मीटरवर दिसत नाही. डाउनलोडचा आकडा हा टाकीवरचा मीटर आहे.

हा मीटर सगळ्यांचा सारखा असावा म्हणून अमेरिकेतील जाहिरात व्यवसायाच्या आयएबी या संस्थेने नियम घालून दिले. २०१७ मध्ये आलेल्या त्यांच्या आवृत्तीपासून साधारण असे धरतात : किमान एक मिनिटाचा ऑडिओ उतरला तरच डाउनलोड मोजायचा. एकाच आयपी पत्त्यावरून, एकाच प्रकारच्या ॲप आणि उपकरणाने २४ तासांत तोच भाग पुन्हा मागितला, तर तो एकच धरायचा. यंत्रांनी आपोआप केलेली मागणी वगळायची.

नियम चांगला आहे, पण आपल्या घरांना लावून बघा. सुनेने स्वयंपाकघरात फोन लावला आणि सासूबाई, जाऊबाई, शेजारच्या काकू अशा चौघींनी मिळून ऐकले, तर मोजणीत एकच. उलट एकाच गृहस्थाने सकाळी घरच्या वायफायवर आणि दुपारी ऑफिसात मोबाइल डेटावर तोच भाग लावला, तर त्याचे दोन होऊ शकतात.

आणखी एक उदाहरण. सप्टेंबर २०२३ मध्ये ॲपलने आयफोनसाठी आयओएस १७ आणले. त्याआधी एखादा श्रोता खंड पडल्यावर परत आला, की मधले राहिलेले भाग त्याच्या फोनमध्ये आपोआप उतरत. ते ॲपलने थांबवले. त्यानंतर अनेक मोठ्या पॉडकास्टचे डाउनलोड घटले, विशेषतः ज्यांचे रोज नवे भाग येतात आणि जुन्या भागांचा साठा मोठा आहे त्यांचे. श्रोते काही एका रात्रीत पळाले नव्हते. न ऐकलेल्या फाइली मोजणीतून गेल्या, एवढेच. पण जाहिरातीचा दर डाउनलोडवर ठरत असल्यामुळे फटका पैशाला बसला.

हा दर हजारी असतो. समजा, हजार डाउनलोडला ५०० रुपये भाव मिळाला आणि आपल्या एका भागाचे २०० डाउनलोड झाले. हाती येतील १०० रुपये. ज्या आजींची मुलाखत घ्यायला जाऊ, त्यांच्याकडे जाण्यायेण्याचे रिक्षाभाडेसुद्धा त्यातून निघणार नाही. हजारी दराचे गणित लाखांनी श्रोते असलेल्यांसाठी आहे. इंदुरातल्या मराठी घरांसाठी केलेला कार्यक्रम त्या तराजूत नेहमी हलकाच भरणार.

मग पैसे आणायचे कुठून? उत्तर आपल्या हातातच आहे. आपली स्मरणिका बघा. दरवर्षी दुकानदार, डॉक्टर, वकील मंडळी तिला जाहिराती देतात. पान किती जणांनी उघडले हे आजवर कोणी विचारलेले नाही. आपल्या माणसांचे काम आहे, या भावनेने ते देतात. गणपतीची वर्गणीसुद्धा आरतीला किती डोकी होती हे मोजून कोणी देत नाही. ज्येष्ठांना आठवत असेल, एके काळी पोस्टात पैसे भरून रेडिओचा परवाना घ्यावा लागे. घरात रेडिओ आहे म्हणून पैसे भरायचे. किती तास ऐकला, याच्याशी त्याचा संबंध नव्हता.

म्हणून आमचे म्हणणे असे, की पॉडकास्टचा खर्च वर्गणीतून उभा करावा. एका कुटुंबाने आपल्या आई-वडिलांच्या स्मरणार्थ एका भागाचा खर्च उचलावा आणि त्या भागाच्या सुरुवातीला त्यांचे नाव घेतले जावे. खर्चही डोंगराएवढा नाही : बरा मायक्रोफोन, सर्व्हरचे वार्षिक शुल्क आणि संपादनाची मेहनत. मेहनत आम्ही करू.

आकडा नको असे मात्र आम्ही म्हणत नाही. वार्षिक अहवालात तीन गोष्टी छापाव्यात. पहिली, डाउनलोड किती, आणि ते ‘श्रोते’ म्हणून नव्हे तर डाउनलोड म्हणूनच लिहावेत. दुसरी, लोक भाग कुठपर्यंत ऐकतात. ॲपल आणि स्पॉटिफाय आपापल्या ॲपपुरती ही माहिती देतात. तिसरी, किती जणांनी फोन केला, चूक दुरुस्त केली किंवा स्वतःची आठवण कळवली. आमच्या मते ही तिसरी नोंद सर्वांत मोलाची आहे. ज्याने फोन केला त्याने नक्की ऐकले आहे.

मुलाखतीसाठी केलेल्या आमच्या यादीत दोन नावांपुढे आता कै. लागले आहे. त्यांच्या तोंडची जुन्या इंदूरची मराठी, माळवी आणि हिंदीचा वास असलेली, आता पुन्हा ऐकायला मिळणार नाही. श्रोत्यांचा आकडा मोठा होण्याची वाट बघत बसलो, तर उरलेली नावेही तशीच जातील. मोजणी नंतरही करता येईल, आवाज मात्र आजच टिपले पाहिजेत.

वर्गणीची वही बाहेर टेबलावर ठेवली आहे. ज्यांच्या घरी बोलके आजी-आजोबा आहेत, त्यांनी वहीत त्यांचेही नाव लिहून जावे, ही विनंती.

गणपती बाप्पा मोरया!