क्रूझवरून उतरलात, पण परतीची टॅक्सी?

आजचा भाग खास त्यांच्यासाठी, ज्यांच्या घरी आईबाबांना युरोपची क्रूझ घडवायचं चाललंय आणि सगळं बुकिंग अर्थातच तुमच्या फोनवरून होणार आहे. मी मागच्या वर्षी आईबाबांना घेऊन गेले होते. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे टॅक्सी ही आमच्यासाठी चैन नव्हती, गरज होती.

पहिली गोष्ट. कार्यक्रमपत्रिकेत ‘पॅरिस’ लिहिलं म्हणून जहाज पॅरिसला लागत नाही. ते लागतं ल आव्रला, आणि तिथून पॅरिस साधारण २०० किलोमीटर. ‘बोर्दो’ लिहिलेलं असेल तर बंदर ल व्हेर्दों असू शकतं, शहरापासून जवळजवळ १०० किलोमीटर लांब. मार्सेयमध्ये शहर तेच, पण क्रूझचा धक्का जुन्या बंदरापासून बराच उत्तरेला. म्हणून आधी बंदराचं नाव बघा, मग मॅप उघडा.

आता टॅक्सी. फ्रान्समध्ये टॅक्सी म्हणजे छतावर दिवा असलेली, मीटरची गाडी. दिवा हिरवा तर रिकामी, लाल तर भरलेली. ॲपवरून येणाऱ्या खासगी गाड्या वेगळ्या. त्यांना रस्त्यावर हात दाखवून थांबवता येत नाही, कायद्यानेच आधी बुकिंग लागतं. मार्सेय, नीससारख्या मोठ्या शहरांत ॲप चालतं. छोट्या गावात ॲपच्या भरवशावर राहू नका.

छोट्या गावात टॅक्सी का मिळत नाही, हे मला एका ड्रायव्हरकाकांनी सांगितलं. तिकडे पेशंटना डायलिसिसला, तपासणीला दवाखान्यात नेणं-आणणं हे टॅक्सीवाल्यांचं मोठं काम आहे आणि त्याचे पैसे सरकारी आरोग्य विमा देतो. मे २०२५ मध्ये फ्रान्सभर टॅक्सीवाल्यांनी रस्ते अडवले होते, ते याच कामाच्या नव्या दरांवरून. म्हणजे सकाळी तुम्ही टॅक्सी शोधत असता, तेव्हा ती कुणाच्या तरी आजीला घेऊन हॉस्पिटलला गेलेली असते. टुरिस्टसाठी ती रिकामी उभी नसते.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. आपल्याकडे रिक्षावाले म्हणतात ना, ‘तिकडून रिटर्न भाडं मिळत नाही’? फ्रान्समध्ये हे म्हणणं थेट दरपत्रकातच आहे. पॅरिसबाहेर मीटरवर ए, बी, सी, डी अशी अक्षरं असतात. ‘ए’ म्हणजे दिवसा, तुम्हाला नेऊन परत आणणार. ‘सी’ म्हणजे दिवसा, तुम्हाला सोडून गाडी रिकामी परतणार, आणि त्याचा किलोमीटरचा दर ‘ए’च्या दुप्पट. रात्री आणि रविवारी, सुटीच्या दिवशी हेच हिशेब ‘बी’ आणि ‘डी’ने, म्हणजे आणखी महाग.

आता गणित करा. ल आव्रहून एत्रताचे पांढरे कडे साधारण ३० किलोमीटर. नुसतं सोडायला सांगितलंत तर दुप्पट दराने ३० किलोमीटर. तीच गाडी थांबवून परत आलात तर साध्या दराने ६० किलोमीटर. किलोमीटरचे पैसे तेवढेच! वर फक्त थांबण्याचे. आणि बदल्यात काय मिळतं, तर परतीची गाडी समोर उभी.

आम्ही तेच केलं. जहाजाच्या रिसेप्शनवरून आदल्या दिवशी टॅक्सी सांगून ठेवली, थांबायचा वेळ आणि अंदाजे रक्कम आधीच विचारून घेतली. बाबा म्हणाले, ‘अगं, उगाच थांबवतेस त्याला.’ दीड तासाने समुद्रावरचा वारा खाऊन आई दमली, तेव्हा गाडी समोर होती. बाबा काही बोलले नाहीत, पुढच्या सीटवर जाऊन बसले.

एक लक्षात ठेवा: फोनवरून बोलावलेल्या टॅक्सीचा मीटर ती तुमच्याकडे निघते तेव्हापासूनच सुरू झालेला असू शकतो. गाडीत बसल्यावर आकडा दिसला तर दचकू नका. कार्ड घेणं त्यांना बंधनकारक आहे. मीटर सुरू नसेल तर गोड आवाजात म्हणा, ‘ल कोंतर, सिल व्हू प्ले’, म्हणजे ‘मीटर, प्लीज’.

सगळीकडे टॅक्सी लागतेच असंही नाही. व्हिलफ्रांशला जहाज समुद्रातच नांगर टाकतं, छोट्या बोटीने किनाऱ्यावर आणतात. तिथून रेल्वे स्टेशन चालत जाण्यासारखं आहे आणि ट्रेनने नीस दहा मिनिटांच्या आत. फक्त परतीची शेवटची बोट कधी, हे विचारून उतरा.

आणि हो, वेळ. जहाज सहाला सुटणार म्हणजे सहाला पोचून चालत नाही, अर्धा ते एक तास आधी आत असावं लागतं. जहाजाच्या स्वतःच्या सहलीला उशीर झाला तर जहाज सहसा थांबतं. तुमच्या टॅक्सीसाठी थांबत नाही. मग पुढच्या बंदरापर्यंत स्वखर्चाने जा, आणि तो देश वेगळा असेल तर व्हिसाचाही प्रश्न. म्हणून पासपोर्ट जहाजाने ठेवून घेतला नसेल तर सोबत ठेवा, बंदराचं नाव फ्रेंचमध्ये स्क्रीनशॉट करून ठेवा आणि मी ठेवते तसे दोन तास हातात ठेवा.

थोडक्यात काय, जायची टॅक्सी कशीही मिळते. यायची टॅक्सी ठरल्याशिवाय जायच्या टॅक्सीत बसू नका.

ज्यांचे आईबाबा निघालेत, त्यांना हा भाग नक्की पाठवा. काळजी घ्या, भेटू पुढच्या भागात!