टपालाचे यंत्र पुन्हापुन्हा का बंद पडते?

समजा, आपल्या गावचे पोस्टमास्तर काम करता करता खुर्चीतच झोपी गेले, दचकून जागे झाले, आणि दिवसातून तीनदा असेच घडू लागले, तर गावच्या टपालाचे काय होईल? संगणकावरून जाणाऱ्या-येणाऱ्या पत्रांचा कारभार पाहणारे जे यंत्र असते, ज्याला मेल सर्व्हर म्हणतात, त्यालाही हा आजार जडतो. आपणच बंद पडायचे आणि आपणच सुरू व्हायचे!

काही वर्षांपूर्वी एका ग्रामीण शिक्षणसंस्थेत मी हे काम पाहात होतो. साऱ्या शाळांचे टपाल त्या एका यंत्रावर. शिष्यवृत्तीच्या अर्जांचे दिवस, आणि यंत्र रोज दोन-तीनदा मान टाकी. कोणी म्हणाले, व्हायरस शिरला. कोणी म्हणाले, कचेरीतली ती मुलगी भलतेच काहीतरी दाबते. तिला कामावरून कमी करावे, इथवर गोष्ट गेली. घाईघाईने सगळी प्रणाली पुसून नव्याने भरली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच!

अशा वेळी पहिले काम कोणते? रोजकीर्द वाचणे. सर्व्हर स्वतःची रोजकीर्द लिहीत असतो. तिला लॉग म्हणतात. यंत्र रीतसर बंद केले असेल, तर एकेक काम थांबल्याची नोंद तीत सापडते. प्रणाली कोलमडली असेल, तर बहुधा तसा काही संदेश मागे राहतो. आमच्या रोजकीर्दीत मात्र ओळ मध्येच तुटलेली, आणि पुढची ओळ एकदम नव्या सुरुवातीची. बोलता बोलता माणसाचा आवाज जावा तसे! म्हणजे मुलीने यंत्र रीतसर बंद केले, ही गोष्ट तिथेच संपली. असे दिसले की आधी तीन ठिकाणी शोधावे: उष्णता, यंत्राची स्मृती आणि वीज.

प्रोसेसर फार तापला, तर स्वतःला वाचवण्यासाठी यंत्र बंद होते. म्हणून पंख्यातली धूळ काढली, तापमान पाहिले. ते ठीक होते. मग रात्रभर स्मृतीची, म्हणजे रॅमची, चाचणी चालवली. एकही चूक निघाली नाही. आम्ही तेवढेच पाहिले. रात्रभर यंत्र एकदाही बंद पडले नाही, ही दुसरी गोष्ट आमच्या ध्यानातच आली नाही!

शेवटी भिंतीला एक वही टांगली. यंत्र पडले की वार आणि वेळ लिहायची, बाकी काही नाही. आठवड्याने वही पाहिली, तर रविवार कोरा. वेळाही जवळजवळ त्याच त्या. शिपाईमामा शेजारी उभे होते. ते म्हणाले, “अहो, ह्या तर माझ्या मोटरीच्या वेळा!”

शाळेच्या टाकीत पाणी चढवणारी मोटर त्याच मीटरवर होती. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट वीज ओढते; दिवे क्षणभर मंदावतात, हे आपण पाहतोच. संगणकाचा पॉवर सप्लाय विजेवाचून जेमतेम सेकंदाच्या पन्नासाव्या भागाइतकाच तग धरतो. त्यासाठीच यूपीएस ठेवलेले असते. आमच्या यूपीएसचा दिवा हिरवा होता, पण आतल्या बॅटरीत जीव उरला नव्हता. आणि वीज परतताच आपोआप सुरू हो, अशी यंत्राला आम्हीच ताकीद देऊन ठेवलेली!

पण एवढ्यावर विश्वास ठेवू नये, बरे का. आम्ही टपाल थांबवले, साठ्याची नक्कल काढली आणि मुद्दाम मोटर लावली. यंत्र बंद! मग फक्त बॅटरी बदलली, दुसऱ्या कशालाही हात लावला नाही, आणि पुन्हा मोटर लावली. यंत्र चालूच. आता खात्री पटली. एका वेळी एकच बदल करावा. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर गुण कशाने आला ते कधीच कळत नाही.

आणि मधल्या काळातल्या पत्रांचे काय झाले? ती बुडाली नाहीत. ई-मेलच्या देवघेवीचे नियम १९८२ साली लिहिले गेले, पुढे ते सुधारले गेले. पलीकडचे यंत्र उत्तर देत नसेल, तर पाठवणाऱ्याने पत्र आपल्या रांगेत ठेवावे आणि निदान चार-पाच दिवस पुन्हापुन्हा प्रयत्न करावा, असे ते सांगतात. पत्र नीट ठेवून घेतल्याशिवाय ‘मिळाले’ म्हणू नये, असाही त्यांचा दंडक आहे. त्यामुळे आमचे टपाल उशिरा आले, पण आले.

चिटणीसांनी त्या मुलीला सर्वांसमक्ष बोलावून सांगितले, “बाई, चूक आमची होती.” यंत्र दुरुस्त झाले त्याहून मला याचे समाधान अधिक वाटले.

शिक्षकबंधू-भगिनींनो, वर्गात एखादे यंत्र बिघडले, तर मुलांना लगेच दूर सारू नका. एक वही द्या, वेळ लिहायला लावा, आणि मग विचारा, “त्याच वेळी आणखी काय घडत होते?” माणसावर आळ घेण्याआधी ती वही एकदा वाचावी, एवढेच आज सांगायचे होते.